मथळ्याला मथळा म्हणा!

माझ्या आयुष्यात चुका पुष्कळ आल्या. पण त्या बहुतेक दुसऱ्यांच्या होत्या आणि त्या शोधण्याचा मला पगार मिळत असे. पस्तीस वर्षं मी मुद्रितशोधक होतो. बाहेर समाजात ज्याला ‘किरकिऱ्या’ म्हणतात, त्यालाच छापखान्यात मुद्रितशोधक म्हणतात. ऱ्हस्व-दीर्घावरून मी लग्नपत्रिका परत पाठवल्या आहेत. एका निधनवार्तेत ‘दुःखद’मधला विसर्ग राहून गेला, तेव्हा घरच्या मंडळींपेक्षा मी जास्त हळहळलो होतो. सांगायचं कारण एवढंच की, अशा माणसाच्या हातून एक ढळढळीत चूक झाली आणि ती मला दोन डोळे, एक चष्मा आणि टेबलावरचं भिंग असूनही दिसली नाही. ती दाखवली दृष्टी गेलेल्या एका गृहस्थांनी.

त्याचं असं झालं. आमच्या पेठेतल्या वाचनालयाने संकेतस्थळ काढायचं ठरवलं. हल्ली उडप्याच्या हॉटेलापासून स्मशानभूमीपर्यंत सर्वांना संकेतस्थळ असतं, मग वाचनालयानेच काय घोडं मारलं होतं? मी कार्यकारिणीवर आहे. (मीटिंगला वेळेवर येणारा माणूस लागतो, म्हणून.) शिवाय माझा भाचा बारावी झाल्यापासून संगणकाचं काहीतरी करतो. नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण लॅपटॉप उघडा असला की त्याला कोथिंबीर आणायला कोणी पाठवत नाही, एवढी त्या विद्येला घरात प्रतिष्ठा आहे. काम त्याच्याकडे आलं आणि देखरेख माझ्याकडे.

देखरेख म्हणजे मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहायचो आणि बोट दाखवायचो. “हे मोठं कर. आणखी मोठं. आता जाड कर. तांबडं कर. त्याच्याखाली रेघ मार.” तो बिचारा ती अक्षरं निवडायचा, फुगवायचा, रंगवायचा. ‘नवी पुस्तके’, ‘वाचनालयाची वेळ’, ‘महत्त्वाची सूचना’ असे सगळे मथळे आम्ही मामा-भाच्यांनी एकेक करून हाताने रंगवले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत तसे. वरच्या बाजूला ‘सुस्वागतम्’ ही अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत ठेवली. अध्यक्षांना ती इतकी आवडली की, त्यांनी ती पुन्हा येईपर्यंत चार वेळा वाट पाहिली. उद्घाटनाला पडदा होता, नारळ होता, पेढे होते. मुद्रणदोष एकही नव्हता. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

आता नानांविषयी. नाना हे आमच्या वाचनालयाचे सर्वांत जुने सभासद. शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी थोडी थोडी करत सगळीच नेली. त्यावर नानांनी फारशी चर्चा केली नाही. त्यांनी संगणक घेतला आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए नावाची प्रणाली त्यात बसवून घेतली. ती फुकट मिळते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली आणि जेम्स तेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. नाना म्हणतात, “पूर्वी मी वाचायचो आणि मुलं ऐकायची नाहीत. आता यंत्र वाचतं आणि मी ऐकतो. माझी बढती झाली.”

गेल्या पावसाळ्यात वाचनालयाच्या माळ्यावर ओल आली आणि कार्यकारिणीने जीर्ण पुस्तकं काढून टाकायचा ठराव केला. ‘देणगीदारांनी आपली पुस्तके पंधरा दिवसांच्या आत घेऊन जावीत’ अशी सूचना फळ्यावर लागली आणि संकेतस्थळावरही लागली. ती मी तपासली होती. ‘जीर्ण’मधली वेलांटी दीर्घच होती. पंधरा दिवस झाले, सोळाव्या दिवशी टेम्पो आला आणि पुस्तकं गेली. विसाव्या दिवशी नाना काठी टेकत आले.

“काय हो मुद्रितशोधक, माझी पुस्तकं गेली म्हणे?”

नानांनी वाचनालयाला एक कपाटभर पुस्तकं दिली होती. त्यातली निम्मी त्यांच्या वडिलांची, समासात वडिलांच्या हातच्या टिपा असलेली.

“नाना, सूचना लावली होती हो. फळ्यावर होती. संकेतस्थळावर तर तांबड्या अक्षरांत होती!”

‘तांबड्या अक्षरांत’ हे शब्द तोंडातून सुटले आणि मी जीभ चावली. नाना मात्र रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मी दर सोमवारी ते पान उघडतो. तुम्ही सूचना कुठे ठेवली होती, ते मला ऐकायचंय. चला घरी.”

गेलो. नानांनी वाचनालयाचं पान उघडलं आणि यंत्र बोलू लागलं. प्रथम वरच्या पट्टीतली एकतीस नावं, प्रत्येकापुढे ‘लिंक’. मुखपृष्ठ, लिंक. आमच्याविषयी, लिंक. छायाचित्रे, लिंक. पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, तसं. मग अध्यक्षांचं मनोगत सुरू झालं. ज्ञानगंगा आली, वटवृक्ष आला, इवलेसे रोप आले.

“हे मी दर सोमवारी ऐकतो,” नाना म्हणाले. “वटवृक्षाच्या पारंब्यांपर्यंत मला झोप लागते.”

हे मनोगत स्वतः अध्यक्षांनीही सलग वाचलेलं नाही, याची मला खात्री आहे. ते मीच लिहिलं होतं.

“अहो, पण ते कशाला ऐकता? पुढे जायचं.”

“कसा जाऊ? तुम्ही कसे जाता?”

“मी? मी नुसती नजर टाकतो. मथळे बघत बघत खाली उतरतो. हवा तो मथळा दिसला की थांबतो.”

“मीही अगदी तेच करतो,” नाना म्हणाले, “फक्त बोटाने.” आणि त्यांनी एक लांबलचक ऐतिहासिक पान उघडलं, मराठी विकिपीडियावरचं. कळफलकावरची ‘एच’ ही कळ एकदा दाबली. यंत्र पहिल्या मथळ्यावर जाऊन उभं राहिलं. पुन्हा दाबली, दुसऱ्या मथळ्यावर. दोनचा आकडा दाबला की, नुसते दुसऱ्या पायरीचे मथळे. तीनचा दाबला की, त्यांच्या पोटातले पोटमथळे. एवढं मोठं पान नानांनी अर्ध्या मिनिटात वरपासून खालपर्यंत चाळलं. चाळलं हाच शब्द बरोबर आहे. मीही तसंच चाळतो.

मग ते आमच्या पानावर परत आले आणि ‘एच’ दाबली. यंत्राने कोऱ्या आवाजात सांगितलं की, पुढे हेडिंग नाही. मागे जायची कळ दाबली. मागेही नाही. पडद्यावर मला आठ मथळे दिसत होते: तांबडे, जाड, रेघ मारलेले. नानांच्या लेखी त्या पानावर एकही नव्हता.

“तुम्ही अक्षरं मोठी केलीत,” नाना म्हणाले. “मथळा केला नाहीत.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल इतका कडक शेरा कोणी मारला नव्हता, आणि इतका खराही.

घरी येताना रस्ताभर मला आमचा जुना छापखाना आठवत होता. तेव्हा खिळे जुळवायचे दिवस होते. लेखकाची प्रत आली की, संपादक पेन्सिल घेऊन समासात लिहायचा: इथे ‘मथळा’, इथे ‘पोटमथळा’, इथे ‘अवतरण’. टाइप कोणता, केवढा, काळा की पांढरा, यात तो पडत नसे. ते भिंतीवर होतं. फोरमनच्या डोक्यावर एक तक्ता टांगलेला असायचा: मथळा चोवीस पॉइंट काळा, पोटमथळा सोळा पॉइंट, मजकूर बारा. दिवाळी अंकासाठी मालकांना मथळे निराळे हवे झाले की, ते तक्त्यावरची एक ओळ खोडून दुसरी लिहीत आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळे मथळे बदलत. प्रतीला कोणी हात लावत नसे. काय आहे ते प्रतीवर आणि कसं दिसावं ते भिंतीवर, अशी आमची कामाची वाटणी होती.

संगणकवाल्यांनी हेच उचललं आहे. ‘मार्कअप’ हा त्यांचा लाडका शब्द मुळात छापखान्यातला, प्रतीवर पेन्सिलीने खुणा करण्याचा. एचटीएमएल म्हणून जे काही असतं त्यातला ‘एम’ हा त्याच मार्कअपचा. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. पुढे १९९१ मध्ये खुणांची पहिली यादी केली तेव्हाच त्यात मथळ्यांच्या सहा पायऱ्या होत्या, एच-१ पासून एच-६ पर्यंत. म्हणजे मथळ्याला मथळा म्हणायची सोय वेबच्या बारशापासून आहे. ती आम्हीच वापरली नाही.

मग लोकांना नटायची हौस आली. हौस वाईट नाही. पण ती भागवायला जागा नव्हती. ब्राउझर काढणाऱ्या कंपन्यांनी अक्षरं रंगवायच्या, उघडझाप करायच्या, सरकवायच्या खुणा प्रतीतच घुसवल्या. संपादकाने समासात ‘मथळा’ लिहायचं सोडून ‘चोवीस पॉइंट, तांबडा, जरा लुकलुकता’ असं लिहावं तसं. याच सुमारास सर्नमध्येच काम करणाऱ्या हाकोन वियुम ली या नॉर्वेच्या माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. मग बर्ट बॉस या डच जोडीदाराबरोबर त्याने तो पुरा केला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी तो अधिकृत झाला. त्याचं नाव सीएसएस. नावाला दबकू नये. सीएसएस म्हणजे आमच्या फोरमनच्या डोक्यावरचा तक्ता. त्यात एकदा लिहायचं की, दुसऱ्या पायरीचा मथळा तांबडा आणि एवढा मोठा. मग पानं दहा असोत की दहा हजार. त्यात नियम वरून खाली ओघळत येतात, आणि एकाच गोष्टीला दोन नियम लागू पडले तर कोणाचं चालायचं हेही ठरलेलं असतं. आमच्या एकत्र कुटुंबात ते शेवटपर्यंत ठरलं नव्हतं.

१९९७ च्या डिसेंबरात एचटीएमएलची चौथी आवृत्ती निघाली आणि त्या रंगरंगोटीच्या ‘फाँट’ खुणेवर ‘शक्यतो वापरू नये’ असा शेरा बसला. २०१४ च्या आवृत्तीत ती साफ बाद झाली. हे सगळं वाचल्यावर मी भाच्याला बोलावलं.

“मामा, पण दिसतंय ना नीट?” तो म्हणाला.

‘दिसतंय ना?’ या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. या देशातलं अर्धं बांधकाम, पाऊण फर्निचर आणि बहुतेक निवडणुकीपूर्वीचे रस्ते याच दोन शब्दांवर उभे असतात. पावसाळा येईपर्यंत उभे असतात. आणि मराठी माणसाने तरी हे दोन शब्द उच्चारू नयेत; आपले हात त्यात एकदा चांगले पोळले आहेत. संगणकावर मराठी आलं तेव्हा वर्षानुवर्षं आपण काय केलं? आत इंग्रजी अक्षरांचे आकडे ठेवायचे आणि वर देवनागरी चित्रांचा फाँट चढवायचा. दिसायला ‘क’, आत भलतंच काहीतरी. स्वतःच्या संगणकावर फर्स्ट क्लास दिसायचं; दुसऱ्याकडे तो फाँट नसला की, निमंत्रणपत्रिकेची मिसळ व्हायची. शोधायला जावं तर सापडत नसे, कारण आत ते मराठी नव्हतंच. ते मराठीचं सोंग होतं. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून जागा होती. आपण तिथे राहायला जायला उशीर केला. त्या काळात हौसेने टाइप केलेले ग्रंथ आज उघडेनासे झालेत. मोठी केलेली अक्षरं आणि मथळा यांत तेवढाच फरक आहे.

भाचा ऐकून घेत होता. मग तो म्हणाला, “मामा, हल्ली सगळे ‘डिव्ह’च वापरतात.” डिव्ह म्हणजे काय, तर खोकं. नुसतं खोकं, आत काय आहे ते न सांगणारं. घर बदलताना आम्ही अशी बावीस खोकी भरली होती. सगळी एकसारखी, सगळी दोरी बांधलेली, दिसायला छान. नव्या घरी पहिल्या रात्री गाळणं सापडेना म्हणून आम्ही चहा न घेता झोपलो. खोक्यावर ‘स्वयंपाकघर’ एवढं खडूने लिहायला कितीसा वेळ लागतो? एच आणि दोनचा आकडा, दोनच अक्षरं. ‘डिव्ह’ला तीन लागतात.

हे त्याला पटलं. आळशी माणसाला अक्षर वाचण्याचा मुद्दा नेहमी पटतो.

कार्यकारिणी मात्र आळशी नव्हती. मी विषय मांडला तेव्हा खजिनदार म्हणाले, “एका माणसासाठी एवढा खटाटोप?”

मी विचारलं, “एकच माणूस कशावरून? बाकीचे का येत नाहीत, हे आपण कुणाला विचारलंय का?” अमेरिकेत युटा राज्य विद्यापीठात वेबएम नावाची संस्था आहे. ती पडदा ऐकणाऱ्या लोकांनाच दर काही वर्षांनी विचारते की, लांब पानावर हवं ते तुम्ही कसं शोधता? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, मथळ्यांवरून. म्हणजे नानांचं जे दुखणं, ते सगळ्यांचं. मग मी आमच्या दाराशी बांधलेल्या उतरणीची आठवण दिली. तीही ‘एका माणसासाठी’ बांधली होती. आज तिच्यावरून पेपरवाल्याची सायकल चढते, बाळांच्या गाड्या चढतात, खजिनदारांचा गुडघा चढतो, आणि उरलेल्या वेळात अध्यक्षांची स्कूटर उभी असते. मथळ्यांचंही तसंच. शोधयंत्रांना पानात काय आहे ते मथळ्यांवरून उमजतं. अक्षरांचा आकार तक्त्यात असला की, मोतीबिंदू काढून आलेल्या माझ्यासारख्याला तो आपल्यापुरता वाढवून घेता येतो. ली महाशयांच्या त्या पहिल्या प्रस्तावातच वाचणाऱ्याच्या आवडीला जागा होती.

चिटणीस म्हणाले, “पण मग पान अळणी दिसेल.” त्यांना मी भाच्याकरवी एक जुनी गंमत दाखवली. कॅनडाच्या डेव्ह शे याने २००३ साली ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचं पान काढलं. त्यातला मजकूर एकच, खुणा त्याच, आणि ज्याने त्याने फक्त तक्ता आपला लावायचा. एकात तळं, एकात सर्कस, एकात जुनं वर्तमानपत्र. एकाच नटाने शेकडो वेष करावेत तसं, आणि आतल्या एका अक्षरालाही धक्का नाही. नटायला कोणाची ना नाही. आमचं म्हणणं एवढंच की, मुंडावळ्या बांधल्या म्हणजे कोणीही नवरदेव होत नाही. आधी लग्न ठरलेलं असावं लागतं.

खजिनदारांनी शेवटचा बाण सोडला. “अहो, त्या पुस्तकांचं एवढं काय? नानांना ती तशीही वाचता येत नव्हतीच.”

नाना दारात होते. त्यांना मीच बोलावलं होतं. सगळे गप्प झाले. नाना म्हणाले, “वाचता येत नव्हती, हे खरं. पण वडिलांनी कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान दुमडलंय, ते बोटांना माहीत होतं.”

मग ते स्वतःच शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, “हा भूतदयेचा विषय नाही, नियमाचा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. परीक्षेला येणार नाही, तरी लिहून घ्या.” खजिनदारांनी खरोखरच लिहून घेतलं. ते नानांचे विद्यार्थी आहेत.

ठराव एकमताने मंजूर झाला. आणि इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आपल्याकडे सुधारणा मंजूर झाली की, तिचा अतिरेक व्हावा लागतो. भाच्याने आठवड्यात पान बदललं. मी नानांकडे धावलो. नानांनी ‘एच’ दाबली. मथळा. पुन्हा दाबली. मथळा. पुन्हा, पुन्हा. पंचवीस वेळा दाबली तरी वाचनालयाच्या वेळेपर्यंत पोहोचेनात. भाच्याने सगळंच मथळा केलं होतं. अध्यक्षांचं नाव मथळा, दूरध्वनी क्रमांक मथळा, ‘चप्पल बाहेर काढावी’ मथळा. अक्षर मोठं हवं असेल तर मथळ्याची खूण करायची, असा त्याने उलटा अर्थ घेतला होता. शिवाय पायऱ्यांचा पत्ता नाही. एच-१च्या खाली एकदम एच-४, कारण ‘एच-४चा साइज क्यूट आहे’.

मी त्याला आमचा कुलवृत्तांत काढून दाखवला. “ही वंशावळ बघ. हे खापरपणजोबा. त्यांच्या खाली एकदम तुझं नाव लिहिलं तर चालेल?”

“मधले कुठे गेले?” तो म्हणाला.

“तेच यंत्र विचारतं. पहिल्याच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. आकार आवडला म्हणून कोणी कोणाचा बाप बदलत नाही. लहान मोठं दिसायचं असेल तर तक्त्यात लिही.”

वंशावळीने काम केलं. पुढच्या आठवड्यात पानाला एक मुख्य मथळा होता, त्याखाली सहा मथळे आणि त्यांच्या पोटात लागतील तेवढे पोटमथळे. रंग तक्त्यात गेले. अध्यक्षांना तांबड्याचा अबोली हवासा वाटला, तेव्हा भाच्याने एक ओळ बदलली आणि चहा घ्यायला उठला. पूर्वी याच कामाला त्याचा रविवार गेला असता आणि दोन-चार मथळे तांबडेच राहिले असते. सरकतं ‘सुस्वागतम्’ही काढलं. अध्यक्ष थोडे हिरमुसले. पण स्वागत पळून जाणारं नसावं, हे त्यांना पटलं.

पुस्तकं परत आली नाहीत. मी रद्दीवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, “साहेब, ती गाडी केव्हाच गेली.” मथळ्याला मथळा म्हणण्याचा कंटाळा केला, त्याची किंमत ही अशी लागते, आणि ती कंटाळा करणाऱ्याला सहसा लागत नाही, म्हणून तर तो कंटाळा करतो. मी नानांना तसं म्हणालो. ते म्हणाले, “पुढची सूचना मला कळेल ना? मग झालं.” झालं नव्हतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हा माझी ही विनंती, विनंती कसली, तक्रारच समजा. तुमच्या सोसायटीचं पान असेल, मंडळाचं असेल, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं असेल, ते बनवणारा एखादा भाचा प्रत्येक घरात आहे. त्याच्या खुर्चीमागे उभे राहा. ‘मोठं कर, जाड कर’ म्हणू नका. ते मी करून चुकलोय. त्याला विचारा, “हा मथळा आहे का? मग त्याला मथळा म्हटलंयस का?” आणि खात्री करायची असेल तर ते पान डोळे मिटून एकदा ऐका. मी ऐकलं. स्वतः लिहिलेल्या मनोगताच्या पारंब्यांपर्यंत मलाही झोप लागली.

परवा वार्षिक सभेत अध्यक्षांनी नानांना गाठलं. “काय नाना, आता नवं पान ऐकता ना? माझं मनोगत कसं वाटलं?”

“वा!” नाना म्हणाले. “आता त्याला मथळा आहे ना, त्यामुळे फारच सोयीचं झालंय. मथळा ऐकतो आणि पुढच्यावर जातो.”